कायद्याचा मसुदा आणि गायीगुरांचे शब्द : व्हिटली स्टोक्स



माझी सारी नोकरी बँकेत गेली. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना दोन कायदे तोंडपाठ असत. पहिला 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, म्हणजे चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठी यांचा कायदा. दुसरा 1882 चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्ट, ज्याच्या कलम 58 वर गहाणखतांचा सगळा डोलारा उभा आहे. सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेसाठी ही कलमे घोकताना ती कोणी लिहिली असतील, असा प्रश्न मला कधी पडला नाही. निवृत्तीनंतर वाचनाच्या ओघात एक नाव समोर आले, व्हिटली स्टोक्स. हे दोन्ही कायदे मंजूर झाले तेव्हा ते हिंदुस्थान सरकारचे कायदा सदस्य होते. पण युरोपातल्या विद्यापीठांत त्यांचे नाव निघते ते वेगळ्याच कारणासाठी. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे केल्टिक लोक गायीला, बैलाला, घोड्याला, नांगराला काय म्हणत असतील, ते शोधून त्याचा पहिला मोठा कोश या गृहस्थाने केला. त्यांची ही ओळख आपल्या वाचकांनाही व्हावी म्हणून हा लेख.

घर आणि शिक्षण

स्टोक्स यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1830 रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन येथे झाला. घराणे डॉक्टरांचे. वडील विल्यम स्टोक्स हे नामांकित वैद्य. श्वासाच्या एका विकाराला आजही डॉक्टर मंडळी ‘चेन-स्टोक्स’ म्हणतात, त्यातले स्टोक्स ते हेच. आजोबांचे नावही व्हिटली, तेही वैद्य, आणि त्यांनी आयरिश शब्दांचा एक छोटा कोशही केला होता. धाकटी बहीण मार्गारेट पुढे आयर्लंडच्या प्राचीन कलेची मोठी अभ्यासक झाली. घरी येणारी मंडळीही तशीच असत. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज पेट्री येत, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार जॉन ओ’डोनोव्हन आणि यूजीन ओ’करी येत. अशा घरात मुलाच्या कानावर जुने शब्द पडले नसते तरच नवल.

हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना, 1845 मध्ये, आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. जे गेले त्यांत आयरिश बोलणारे गरीब शेतकरी फार मोठ्या संख्येने होते. 1851 च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे सुमारे 15 लाख उरले होते. 1891 पर्यंत ते सात लाखांच्याही खाली आले. घराघरांत आईबापांनी मुलांशी इंग्रजी बोलायचे ठरवले, कारण नोकरी त्या भाषेत होती आणि जहाजाचे तिकीटही त्या भाषेत होते. स्टोक्स यांच्या आयुष्याकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. ज्या भाषेचे मूळ ते खणत होते, ती त्यांच्या डोळ्यांदेखत आटत होती.

1851 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि 1855 मध्ये लंडनला बॅरिस्टर झाले. याच काळात त्यांना गुरू भेटला. रुडॉल्फ सिगफ्रीड नावाचा जर्मन विद्वान ट्रिनिटीच्या ग्रंथालयात काम करी, पुढे तो तिथेच संस्कृत शिकवू लागला. भाषांची तुलना शास्त्रशुद्ध रीतीने कशी करायची, हे स्टोक्स त्याच्याकडून शिकले. सिगफ्रीड तरुणपणीच, 1863 मध्ये वारला. पण शिष्याच्या हाती त्याने दिलेली पद्धत आयुष्यभर राहिली. त्याच सुमारास, 1853 मध्ये, योहान कास्पार त्सॉइस या बव्हेरियातल्या एका शांत शिक्षकाने लॅटिनमध्ये लिहिलेले केल्टिक भाषांचे व्याकरण प्रसिद्ध झाले होते. आयरिश भिक्षूंनी आठव्या-नवव्या शतकात लॅटिन ग्रंथांच्या समासात बारीक अक्षरांत आपल्या भाषेतले अर्थ लिहून ठेवले होते. त्यावरून त्सॉइसने जुन्या आयरिशचे व्याकरण उभे केले. स्टोक्स यांना रस्ता सापडला.

मद्रास, कलकत्ता आणि टपालाची पार्सले

लंडनमधली वकिली काही फारशी जमेना. 1862 मध्ये स्टोक्स मद्रासला आले. त्याच वर्षी जुन्या आयरिश शब्दसंग्रहांचे त्यांचे पुस्तक बाहेर पडले. मद्रासला असताना त्यांनी हिंदू कायद्याच्या ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद एकत्र करून 1865 मध्ये छापले. त्यात मिताक्षरेचा वारसाहक्काचा भाग होता, तसाच आपल्याकडच्या नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ही होता. पुढे ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सचिव झाले आणि 1877 ते 1882 या काळात कायदा सदस्य. 1879 च्या कायदा आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्यासोबत बसणाऱ्यांत मुंबई हायकोर्टाचे रेमंड वेस्ट होते. चेकचा कायदा बरीच वर्षे मसुद्यांच्या फेऱ्यांत अडकला होता, तो या आयोगाच्या हातून मार्गी लागला. ट्रस्ट, मिळकतीचे हस्तांतर, वहिवाटीचे हक्क हे सगळे कायदे त्या दोन-तीन वर्षांतले.

एवढे काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशाला वेळ मिळत असेल असे वाटत नाही. पण याच वर्षांत कलकत्त्याच्या छापखान्यातून त्यांची जुन्या आयरिशची पुस्तके एकामागून एक निघत होती. मूळ हस्तलिखिते डब्लिन, ऑक्सफर्ड, मिलान अशा ठिकाणी, आणि हे बसलेले बंगालच्या उकाड्यात. उतरवून आणलेल्या वह्या आणि टपाल यांवर सारी भिस्त. त्यांच्या अशा सुमारे दीडशे वह्या अलीकडे जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडल्या.

यातल्या एका पुस्तकाबद्दल थोडे सांगतो. घरी येणारे जॉन ओ’डोनोव्हन हे किल्केनीकडच्या साध्या शेतकऱ्याचे चिरंजीव. 1861 च्या अखेरीस ते वारले, तेव्हा कॉर्मकच्या शब्दकोशाचा त्यांनी केलेला अनुवाद तसाच पडून होता. कॉर्मक हा दहाव्या शतकाच्या आरंभी लढाईत पडलेला कॅशेलचा राजा आणि बिशप, त्याच्या नावे हा जुना कोश चालत आला आहे. स्टोक्स यांनी तो अनुवाद तपासला, टिपा जोडल्या आणि 1868 मध्ये कलकत्त्याला छापून घेतला. त्या कोशात गुराढोरांचा संसार भरलेला आहे. मे महिन्याच्या सणाला दोन होळ्या पेटवून त्यांच्यामधून गुरे हाकत, म्हणजे वर्षभर रोगराई होत नाही, असे तिथे लिहिले आहे. फेब्रुवारीच्या सणाच्या नावाची फोड मेंढीचे दूध अशी दिली आहे. आपल्याकडे बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्यांना हे वाचून परके वाटणार नाही.

ताळमेळ जुळवण्याची रीत

आता मुख्य विषयाकडे येतो. प्राचीन केल्टिक लोकांनी आपल्या मूळ भाषेत काही लिहून ठेवले नाही. मग ती भाषा कशी सापडणार? ही रीत मला आमच्या बँकेतल्या ताळमेळासारखी वाटते. मुख्य खातेवही हरवली आहे, पण पाच शाखांकडे आपापल्या नोंदी आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मूळ आकडा काय असला पाहिजे ते काढायचे. इथल्या शाखा म्हणजे आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषा आणि फ्रान्समधल्या जुन्या गॉल लोकांचे शिलालेख व नावे.

घोड्याचे उदाहरण घेऊ. जुन्या आयरिशमध्ये घोडा म्हणजे ‘एख’. गॉल लोकांची घोड्यांची देवी ‘एपोना’, आणि वेल्शमध्ये शिंगराला ‘एबोल’. एकीकडे क-ख, दुसरीकडे प-ब. एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण आयरिशमध्ये मुलगा ‘मॅक’ तर जुन्या वेल्शमध्ये ‘मॅप’. अशा जोड्या ओळीने लागतात, तेव्हा नियम सिद्ध होतो : मूळ ‘क्व’ हा उच्चार आयरिशकडे ‘क’ झाला आणि वेल्श-गॉलकडे ‘प’. त्यावरून मूळ शब्द ‘एक्वोस’ असा ठरतो. शेजारी संस्कृत ‘अश्व’ ठेवला की हिशेब जुळतो. असा लेखी पुरावा नसलेला, नियमाने काढलेला शब्द छापताना आधी एक तारांकन देतात. वाचकाला लगेच कळते की ही नोंद काढलेली आहे, सापडलेली नाही. प्रामाणिक हिशेबनिसाची ही रीत मला फार आवडली.

गाय आयरिशमध्ये ‘बो’, वेल्शमध्ये ‘ब्यूख’. मूळ ‘बोउस’, आणि आपली ‘गो’, ‘गाय’ याच गोत्रातली. बैल ‘तर्व’ आणि ‘तारू’. 1711 मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली एक रोमनकालीन स्तंभ सापडला. त्यावर पाठीवर तीन क्रौंच बसलेला बैल कोरला आहे आणि वर त्याचे नाव आहे, त्यात ‘तार्वोस’ हा शब्द स्पष्ट आहे. म्हणजे इथे काढलेला शब्द आणि कोरलेला शब्द एकमेकांना भेटले. शेळी ‘गब्रोस’, डुक्कर ‘मुक’ आणि ‘मोख’. खच्ची केलेला मेंढा दोन्हीकडे ‘मोल्त’. फ्रेंच लोक मटणाला जो शब्द वापरतात तो याच गॉल शब्दातून आला, आणि इंग्रजीमार्गे आपल्या खाटकाच्या दुकानावरच्या पाटीवर ‘मटण’ म्हणून लागला. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यात एक गॉल शब्द तरंगतो आहे, हे कोणाला वाटले असते!

कधी शब्द तोच राहतो आणि जनावर बदलते. वेल्शमध्ये बैलाला ‘इख’ म्हणतात, संस्कृतात ‘उक्षन्’. आयरिशमध्ये तोच शब्द ‘ओस’ होऊन रानातल्या हरणाला लागला. मेंढीचा जुना शब्द, संस्कृतातला ‘अवि’, आयरिशमध्ये मेंढीच राहिला, पण वेल्शमध्ये त्यावरून हरिणीचे नाव झाले.

शेतीचेही तसेच. नांगर आयरिशमध्ये ‘अराथर’, वेल्शमध्ये ‘अरादर’, लॅटिनमध्ये ‘अरात्रुम’. आपला ‘नांगर’ संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, तो या कुळातला नाही. पण बैलांच्या मानेवरचे ‘जू’ मात्र आहे. संस्कृत ‘युग’, वेल्श ‘याय’, इंग्रजी ‘योक’ ही सगळी एकच वस्तू. आणखी एक शब्द मला विशेष भावला. कापणीला जमणाऱ्या टोळीला जुन्या आयरिशमध्ये ‘मेथेल’ म्हणत, वेल्शमध्ये ‘मेदेल’. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन एकाचे शेत उरकायचे, मग दुसऱ्याचे. आपल्याकडे यालाच ‘इर्जिक’ म्हणतात. आयर्लंडमध्ये तो शब्द आजही चालतो, शेती नसलेल्या सामूहिक कामालाही.

जुन्या आयर्लंडमध्ये नाणे नव्हते, तेव्हा गाय हेच चलन. कायद्यातला मोठ्या रकमेचा एकक साधारण तीन दुभत्या गायींचा. एक वर्षाची कालवड, दोन वर्षांची, तीन वर्षांची, व्यालेली दुभती, प्रत्येकीला वेगळा शब्द आणि वेगळी किंमत. स्टोक्स यांनी छापलेल्या जुन्या संग्रहांत अशा कायद्याच्या शब्दांचा एक संग्रहही होता. वकिलाला त्यात गोडी वाटली यात आश्चर्य नाही.

हे सारे एकत्र करून 1894 मध्ये गटिंगेन येथून मूळ केल्टिक भाषेचा कोश निघाला. त्याचे जर्मन रूप आणि संपादन क्योनिग्जबर्गचे संस्कृतचे प्राध्यापक आडालबर्ट बेझेनबर्गर यांनी केले. पुढच्या संशोधकांनी त्यातली कित्येक रूपे दुरुस्त केली, आणि 2009 मध्ये रान्को मातासोविच यांचा नवा कोश आला. पण पहिली खातेवही उघडली ती स्टोक्स यांनी.

दोन बाजू

भारतात त्यांनी केलेले एक काम आपण लक्षात ठेवायला हवे. 1868 मध्ये लाहोरच्या पंडित राधाकृष्ण यांनी संस्कृत हस्तलिखितांच्या जतनाविषयी सरकारला पत्र लिहिले. देशभर हस्तलिखिते शोधून त्यांच्या याद्या करण्याची आणि ती विकत घेण्याची योजना स्टोक्स यांनी आखून दिली. मुंबई इलाख्यात त्यानुसार ब्यूलर, कीलहॉर्न आणि पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी जो संग्रह जमवला, तो आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च 1878 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. त्या वेळी कायदा सदस्य स्टोक्सच होते. स्वतःच्या देशातल्या भाषेचा एकेक शब्द जपणारा माणूस दुसऱ्यांच्या भाषांना कुलूप लावणाऱ्या मंडळात बसला होता. 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांनी तो कायदा रद्द केला. त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक करताना ही नोंद खात्यातून खोडता येत नाही.

स्वभावानेही ते सोपे नव्हते. दुसऱ्याच्या पुस्तकातली चूक दिसली की त्यांची लेखणी दयामाया दाखवत नसे. डब्लिनच्या विद्वानांशी त्यांचे खटके उडत.

1882 मध्ये निवृत्त होऊन ते लंडनला गेले. आपल्यापैकी अनेकांना निवृत्तीनंतर काय करावे हा प्रश्न पडतो. स्टोक्स यांनी त्यानंतर सत्तावीस वर्षे काम केले आणि त्यांची सर्वांत मोठी पुस्तके याच काळातली आहेत. 1887-88 मध्ये भारतीय कायद्यांवरचे दोन खंड, 1894 मध्ये वर सांगितलेला कोश, आणि जॉन स्ट्रॅकन यांच्याबरोबर जुन्या आयरिश टिपांचे दोन जाडजूड खंड 1901 आणि 1903 मध्ये. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. 13 एप्रिल 1909 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह मुलींनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला.

आपल्यासाठी

शेवटी एक आठवण. बेळगाव तालुक्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी काही वर्षे होतो. जनावरांच्या कर्जाच्या फॉर्मवर दोनच रकाने असत, गाय किंवा म्हैस. समोर बसलेला शेतकरी मात्र सांगे : एक कालवड आहे, एक गाभण, एक भाकड, खोंड यंदा जुवाला लावायचा आहे, आणि म्हशीखाली पारडू आहे. मी ऐकून घेई आणि रकान्यात लिही : जनावरे, पाच. फॉर्मला तेवढेच हवे होते. आज माझ्या नातवंडांना यातला एकही शब्द माहीत नाही. ते काही त्यांचा दोष नाही, मीच त्यांना कधी सांगितले नाही.

स्टोक्स यांनी कोश केला म्हणून आयरिश भाषा वाचली नाही. त्यांचे काम जुन्या लिखित भाषेवर होते, आणि ते कागदावर उत्तम टिकले. बोलणारे मात्र कमी होतच गेले. बोलती भाषा टिकावी म्हणून 1893 मध्ये डब्लिनला वेगळी संस्था निघाली, गावोगाव वर्ग निघाले, कारण ते काम कोशाने होत नाही. शब्द कोशात गेला म्हणजे त्याचा पत्ता सापडतो, पण तो राहतो माणसांच्या तोंडी. आपण सीमाभागातली माणसे. फलकांवरची भाषा, दाखल्यांवरची भाषा यांसाठी आपण खूप काही केले आणि करतो. पण कालवड, खोंड, जू, इर्जिक हे शब्द कोणत्याही अर्जावर येणार नाहीत. ते स्वयंपाकघरात आणि ओसरीवर बोलले तरच राहतील.

म्हणून माझी सभासदांना एक विनंती. ज्यांच्या घरी शेतीत वाढलेले आई-वडील, आजी-आजोबा अजून आहेत, त्यांनी एका रविवारी नातवंडांना त्यांच्याजवळ बसवावे आणि गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला, नांगराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात ते विचारावे. सोबत एक वही ठेवावी. त्यात कानडी शब्द आले तर तेही लिहावेत, कारण आपल्या गोठ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. मी माझ्यापुरती वही घातली आहे. पहिल्या पानावर पाच नोंदी आहेत, त्या शेतकऱ्याच्या पाच जनावरांच्या, या वेळी नावानिशी.